रिंजानी : शिखर आणि खड्डा

इंडोनेशियातील लोम्बोक बेटावरचा रिंजानी ३७२६ मीटर उंच आहे आणि त्या देशातील ज्वालामुखींमध्ये त्याच्याहून उंच केवळ सुमात्रातील केरिंची आहे. आम्ही दोघांनी हा डोंगर निवडला तो दोन निरनिराळ्या कारणांसाठी, आणि पुढच्या सगळ्या चालीवर त्याचा परिणाम झाल्यामुळे ते आधीच सांगितलेले बरे. मला शिखर गाठायचे होते. यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, शिखराचे फारसे आकर्षण नव्हते. आयुष्यभर महाविद्यालयात भूशास्त्र शिकवलेल्या या गृहस्थांना शिखराशेजारचा खड्डा पाहायचा होता. रिंजानीला लागूनच सामालास नावाचा दुसरा ज्वालामुखी उभा होता आणि त्याची उंची ४२०० मीटरच्या आसपास असावी असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १२५७ मध्ये त्याचा असा काही स्फोट झाला, की पोटातला शिलारस रिकामा होऊन डोंगराचा माथा आत कोसळला आणि तिथे आठेक किलोमीटर लांबीचा काल्डेरा, म्हणजे प्रचंड विवर, तयार झाले. त्या वेळी आपल्याकडे देवगिरीवर यादव राजा कृष्णदेव राज्य करीत होता आणि ज्ञानेश्वरी लिहिली जायला अजून तीसेक वर्षे होती.

आम्ही नाशिकचे. हरिहर, साल्हेर, कळसूबाई यांच्या वाटांवर पाय तयार झालेले असले, तरी आपला सह्याद्री आणि हा डोंगर यांची जात वेगळी आहे. दख्खनचा लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून वाहत आला आणि थरावर थर बसत गेला, म्हणून आपल्याकडे शंकू नाहीत, पठारे आणि कडे आहेत. लोम्बोकचा शिलारस दाट आणि वायूंनी भरलेला असतो. तो वाहण्यापेक्षा फुटणे पसंत करतो. समुद्राच्या तळाचे खडक या बेटांच्या दक्षिणेला पृथ्वीच्या पोटात सरकतात आणि त्यांच्यासोबत गेलेल्या पाण्यामुळे वरचा खडक वितळू लागतो. जावा, बाली, लोम्बोक, सुंबावा ही सगळी रांग त्यातूनच उभी राहिली. याच कमानीचे उत्तरेकडचे टोक अंदमानात शिरते, आणि भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी, बॅरन बेट, त्यावरच आहे.

पहिला दिवस : सामुद्रधुनी ओलांडून सेंबालुनला

बालीतील पदांगबाई बंदरातून लोम्बोकच्या लेंबारला जाणारी मोठी फेरीबोट चार-पाच तास घेते. वेगवान नौकाही मिळतात; पण यांनी हट्टाने संथ बोटीची तिकिटे काढली आणि त्याचे कारण मला डेकवर उभे करूनच सांगितले. ही सामुद्रधुनी इतकी खोल आहे, की हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून अधिक खाली गेली तेव्हाही ती कोरडी पडली नाही. बाली त्या काळात जावामार्फत आशियाच्या भूमीला जोडले गेले, लोम्बोक मात्र पाण्याने वेढलेलेच राहिले. आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ १८५६ मध्ये बालीहून लोम्बोकला आला, तेव्हा बालीत दिसलेले कित्येक पक्षी इथे नाहीत आणि ऑस्ट्रेलियाकडचे काकाकुवे मात्र आहेत, हे त्याच्या लक्षात आले. पुढे या दोन प्राणिसृष्टींमधील सीमेला त्याचेच नाव मिळाले. आम्हाला काकाकुवा काही दिसला नाही. बोटीवर कपातल्या शेवया विकणारी मुले मात्र पुष्कळ होती.

लेंबारहून गाडी बेटाच्या पूर्वेकडून वळसा घेत पुसुकच्या खिंडीत चढते आणि तिथून खाली सेंबालुनचे खोरे अचानक उलगडते. साधारण ११५० मीटर उंचीवरचे हे खोरे लसूण, बटाटे, गाजरे आणि स्ट्रॉबेरीसाठी प्रसिद्ध आहे. घरांच्या ओसरीवर लसणाच्या जुड्या वाळत होत्या आणि त्या वासाने आम्हा नाशिककरांना घरच्यासारखे वाटले. गावातली बरीच घरे मात्र नवी आणि हलक्या पत्र्याच्या छपरांची दिसतात. २९ जुलै २०१८ रोजी झालेल्या ६.४ तीव्रतेच्या भूकंपाचा केंद्रबिंदू या भागातच होता. वाटांवर दरडी कोसळून शेकडो गिर्यारोहक डोंगरावर अडकले होते. आठवड्याभरातच त्याहून मोठा धक्का बसला आणि बेटावर पाचशेहून अधिक माणसे मेली. डोंगर नंतर बराच काळ बंद होता. एरवीही जानेवारी ते मार्च या पावसाच्या महिन्यांत तो बंदच असतो. आम्ही श्रावणात निघालो. नाशिकला धो धो पाऊस आणि विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील लोम्बोकमध्ये ऐन कोरडा हंगाम.

संध्याकाळी आरोग्य केंद्रात रक्तदाब तपासून दाखला घेतला, कारण त्याशिवाय वर सोडत नाहीत. रात्री गाईड, त्याचा तरुण मदतनीस आणि आम्ही दोघे असे बसून एक गोष्ट ठरवली. यांचा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो आणि माझी चाल यांच्यापेक्षा जलद आहे. तेव्हा कुणीही कुणासाठी वाऱ्यात थांबायचे नाही, कुणीही कुणासाठी ओढून ताणून चढायचे नाही आणि कोणत्याही परिस्थितीत एकट्याने राहायचे नाही; वाटा वेगळ्या झाल्याच तर गाईड एकाबरोबर आणि मदतनीस दुसऱ्याबरोबर राहील. जून २०२५ मध्ये शिखराच्या वाटेवर एक ब्राझिलियन तरुणी विवराच्या बाजूला कोसळून दगावली, ती बातमी आम्ही घरी वाचलेली होती. मदतनीसाचे जादा पैसे देताना यांनी घासाघीस केली नाही, आणि हे यांना ओळखणाऱ्यांना सांगितले तरी पटणार नाही.

दुसरा दिवस : गवताळ माळावरून विवराच्या काठापर्यंत

सेंबालुनच्या बाजूने चढणारी वाट पहिले काही तास उघड्या गवताळ माळावरून जाते. झाडे जवळजवळ नाहीत, ऊन थेट डोक्यावर येते आणि काळी बारीक माती पावलागणिक उडते. पहिला, दुसरा आणि तिसरा असे विसाव्याचे टप्पे अनुक्रमे १३००, १५०० आणि १८०० मीटरच्या आसपास आहेत. मधले ओढे पार करायला काँक्रीटचे पूल आहेत. पुलांखाली गोठलेल्या राखेचे आणि दगडगोट्यांचे पात्र दिसते. पाणी कुठेच नाही. यांनी पहिल्याच पुलावर पाठपिशवी उतरवली आणि कडेच्या कापावर बोट ठेवून कुठला थर वाहत आला आणि कुठला आकाशातून पडला ते समजावले. वाहत आलेल्या थरात लहानमोठे दगड वाटेल तसे मिसळलेले असतात, आकाशातून पडलेल्यात एकसारख्या आकाराचे कण शिस्तीने बसलेले असतात. एकदा हे कळले की ती वाट कंटाळवाणी राहत नाही, हे मला मान्य करावे लागले.

या वाटेवर खरे लक्ष वेधून घेतात ते इथले हमाल. ते लोम्बोकच्या मूळच्या ससक समाजाचे, सेंबालुन आणि आसपासच्या गावांतले. बांबूच्या दांडीच्या दोन टोकांना दोन टोपल्या बांधून ते ओझे खांद्यावरून नेतात, म्हणजे आपल्याकडची कावडच. एका कावडीत तंबू, झोपण्याच्या पिशव्या, तांदूळ, अंडी, कोबी, पाण्याच्या बाटल्या, गॅसची शेगडी असे तीसेक किलो वजन सहज असते. पायात रबरी चपला. आमच्यापुढे चालणाऱ्या हमालाच्या दांडीचा मधला भाग खांद्याच्या घर्षणाने काळपट आणि गुळगुळीत झाला होता. तो खांदा कसा बदलतो ते मी बराच वेळ पाहिले : चालता चालता मान किंचित पुढे झुकवायची, दांडी मानेमागून फिरवून दुसऱ्या खांद्यावर घ्यायची आणि या सगळ्यात टोपल्यांचा झोका पावलांशी जुळलेला राहील असे पाहायचे. चढ उभा झाला की दांडी आडवी न ठेवता तिरकी धरावी लागते, नाहीतर मागची टोपली जमिनीला घासते. आम्ही महागडे बूट आणि दोन-दोन काठ्या घेऊन त्याच्या मागे धापा टाकत होतो. शिखराचे फोटो असंख्य निघतात. ही कावड ज्यात नीट दिसेल असा फोटो मला अजून कुणी दाखवलेला नाही.

तिसऱ्या टप्प्यावर जेवण झाले. आम्ही शाकाहारी असल्याचे आधी कळवले होते, त्यामुळे भाताबरोबर टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, आणि मिरचीचे झणझणीत सांबाल आले. आमच्याकडचे मेतकूट आणि लिंबाचे लोणचे बाहेर निघाल्यावर हमालांनीही चव घेतली; लोणचे त्यांना आवडले, मेतकुटाबद्दल त्यांनी सभ्यपणे मौन पाळले.

त्यानंतर पश्चात्तापाच्या टेकड्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चढांची माळ सुरू होते. प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर पोचले की पुढची दिसते, आणि दुपारचे ढग खोऱ्यातून वर येऊन सगळे झाकून टाकतात. मुळांच्या पायऱ्या, मुरूम आणि सुरूच्या जातीची विरळ झाडे. हे दर पंधरा मिनिटांनी थांबत आणि श्वास शांत झाला की उठत, मी माझ्या चालीने पुढे जाऊन पुढच्या झाडाखाली थांबे. अशा चालीत बोलणे फार होत नाही. ऊन उतरल्यावर आम्ही २६३९ मीटरवरच्या प्लावांगान सेंबालुनला, म्हणजे विवराच्या काठावर पोचलो.

काठ अरुंद आहे. एका बाजूला सेंबालुनचे खोरे आणि दुसऱ्या बाजूला सहाशेहून अधिक मीटर खाली सेगारा अनाक सरोवर, आणि त्याच्या कडेला विवरातून उगवलेला बारुजारी हा काळा, तरुण शंकू. १९४४ नंतर तो अनेकदा जागा झाला आहे. २०१५ च्या नोव्हेंबरमधील त्याच्या राखेमुळे बालीचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. हे कितीतरी वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "जे दिसतंय ते बघू नकोस. जे नाहीये ते बघ." समोरच्या कड्यांच्या रेषा मनातल्या मनात वर वाढवत नेल्या, की हवेत कुठेतरी ४२०० मीटरवर त्या एकत्र येतात, आणि तो डोंगर तिथे नाही.

एवढ्यात माकडांनी आमची केळी पळवली. काठावरची ही लांब शेपटीची माकडे तंबूची चेनही उघडतात, असा अनुभव शेजारच्या तंबूतल्या मलेशियन मुलींनी घेतला. साताठ वाजता आम्ही अंगावर होते नव्हते ते कपडे चढवून झोपलो.

तिसरा दिवस : घसारा, शिखर आणि पुन्हा खाली

रात्री दोनला चहा आणि बिस्किटे झाली आणि हेडटॉर्च लावून आम्ही निघालो. शिखर इथून जवळजवळ ११०० मीटर वर आहे. पहिला तास झाडांमधल्या खोल, भुसभुशीत नाळेतून उभा चढ आहे आणि पुढच्याने उडवलेली धूळ मागच्याच्या तोंडात जाते, म्हणून नाकावर फडके बांधणे भागच पडते. नाळ संपली की धारेवर येतो. उजवीकडे विवर, डावीकडे खोरे, मध्ये वाट. अंधारात दोन्ही बाजू सारख्याच काळ्या दिसतात आणि त्यांतला फरक केवळ वाऱ्यावरून कळतो. काठाने सरकणारे दिवे सोडले तर माणसे दिसत नाहीत. माझ्यामागे तीन पावलांवर हे आहेत, हे मला यांच्या काठीच्या टोकाच्या आवाजावरून समजत होते, कारण डाव्या काठीचे रबरी टोपण पडून गेले होते आणि ती दगडावर टकटक वाजे.

मधली धार बरीच लांब आणि तुलनेने सोपी आहे. पण शेवटचा टप्पा म्हणजे निव्वळ घसारा. राख आणि सुपारीएवढे सच्छिद्र खडे यांचा हा उतार पायाखाली सरकतो. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने गेलेल्यांना घसारा नवा नाही, पण तिथे खाली पक्का खडक असतो आणि कातळाला हात लावता येतो. इथे धरायला काहीच नाही. बुटाची टाच खोल रोवायची, वजन सावकाश टाकायचे, पाऊल अर्धे मागे येईल तेवढे येऊ द्यायचे आणि मगच दुसरे उचलायचे, हाच त्यावरचा उपाय.

घसाऱ्याच्या पायथ्याशी, शिखर अजून तीनेकशे मीटर वर असताना, एका मोठ्या दगडाच्या आडोशाला आम्ही टेकलो. पूर्वेला किंचित राखाडी झाले होते. हे म्हणाले, "मी इथून पुढे येत नाही. गुडघ्याचं म्हणशील तर गुडघा ठीक आहे. वर गेलो तर उजाडताना मी दगडांकडे बघत चढत असेन. मला भिंतीवर उजेड पडताना बघायचाय."

"अहो, पण इतक्या जवळ येऊन?"

"जवळ तुझ्यासाठी. माझं ठिकाण आलं."

सेंबालुनच्या रात्रीचा ठराव होताच. मदतनीस यांच्याबरोबर थांबला. त्याने पाठीवरून आणलेले ब्लँकेट दोघांवर पांघरले. पुरेसे उजाडले की हळूहळू तंबूकडे उतरायचे असे त्यांचे ठरले आणि मी गाईडबरोबर निघाले. सहजीवनात काही निर्णय चर्चेविना पटतात. हा मला पटला नव्हता, पण तिथे, चार अंश तापमानात, वाद घालण्याची सोय नव्हती.

पुढचा दीड तास माझ्या आठवणीत केवळ बुटांच्या हालचालीपुरता उरला आहे. गाईड दर काही मिनिटांनी "पेलान, पेलान" म्हणजे सावकाश, सावकाश असे बजावत होता, जणू मला जलद जाणे शक्य होते. सूर्य आम्ही पोचण्याआधीच सुंबावाच्या मागून वर आला. शिखरावरची जागा लहान आणि गर्दीची आहे. फलक हातात धरून फोटो काढण्यासाठी रांग लागते आणि जकार्ताहून आलेली महाविद्यालयीन मुले अनोळखी माणसालाही ओढून फोटोत घेतात. मी ती रांग सोडून कडेला गेले.

पूर्वेला सुंबावावर तांबोरा दिसतो. १८१५ मध्ये पेशवाई शेवटच्या घटका मोजत असताना तो फुटला आणि त्याची उंची ४३०० मीटरवरून सुमारे २८५० वर आली. त्याच्या पुढच्या वर्षी युरोप आणि अमेरिकेच्या काही भागांत उन्हाळाच आला नाही. पश्चिमेला समुद्रापलीकडे बालीचा आगुंग, ३१४२ मीटर. म्हणजे दोन्ही हातांना एकेक ज्वालामुखी आणि पायाखाली तिसरा. रिंजानीची सावली तंतोतंत त्रिकोणी होऊन विवरावरून, पलीकडच्या काठावरून थेट समुद्रापर्यंत पसरली होती, आणि सूर्य चढेल तशी ती डोळ्यांदेखत आखूड होत होती. ससक लोकांच्या श्रद्धेनुसार या शिखरावर देवी अंजनीचे वास्तव्य आहे आणि पर्वतावरची अदृश्य प्रजा तिच्या आज्ञेत असते. अंजनेरीच्या परिसरात वाढलेल्या बाईला हे नाव ऐकून काय वाटले असेल ते सांगायला नको. मी दोन्ही हात जोडले.

उतरताना घसारा मित्र होतो. चढायला दीड तास लागलेला टप्पा टाचांवर घसरत वीस-पंचवीस मिनिटांत संपला. दगडाच्या आडोशाला कुणी नव्हते. तंबूशी आले तेव्हा हे उन्हात मांडी घालून वहीत आकृती काढत बसले होते. समोरच्या भिंतीवरचे थर, त्यांना छेदून गेलेल्या, शिलारस थिजून झालेल्या उभ्या भित्ती, दरड कोसळलेल्या जागा, सगळे नीट, बाणांसह. उजेड वरच्या काठाला लागून हळूहळू खाली उतरताना एकेक थर वेगळा कसा होत गेला, ते यांनी मला त्या आकृतीवर पेन्सिल फिरवून सांगितले. मग मी शिखराचे सांगितले. दोघांनाही दुसऱ्याचे ऐकून आपण काही गमावले असे वाटले नाही, निदान तसे कुणी कबूल केले नाही.

न्याहारी आणि तासभर झोप झाल्यावर सरोवराकडे उतरायला लागलो. ही वाट विवराच्या आतल्या बाजूने उभी खाली जाते आणि गुडघ्याची खरी परीक्षा शिखरापेक्षा इथे होते. मात्र सकाळी वहीत काढलेल्या थरांमधूनच आता आम्ही चालत होतो, त्यामुळे यांना गुडघ्याची आठवण फारशी राहिली नव्हती. अंधार पडण्याच्या बेताला दोन हजार मीटरवरच्या सरोवरकाठी पोचलो.

चौथा दिवस : सरोवर, कढत पाणी आणि सेनारूचा काठ

सकाळी काठावर मासे पकडणाऱ्यांची गर्दी होती. या सरोवरात मासे मुद्दाम सोडलेले आहेत आणि आसपासच्या गावांतली माणसे केवळ मासेमारीसाठी दोन दिवस चालून येतात. बालीचे हिंदू इथे पेकेलेम नावाचा विधी करतात आणि सोन्याच्या लहान वस्तू पाण्यात अर्पण करतात. ससक मुसलमानांनाही हे पाणी पवित्र वाटते. सरोवरातून पाणी बाहेर पडते तिथे कोकोक पुतिह नदीचा उगम आहे आणि त्याच्या शेजारीच आइक कालाक हे गरम पाण्याचे झरे आहेत. गंधकाचा वास वज्रेश्वरीसारखा, पाण्याचा रंग पिवळट हिरवा. आम्ही तासभर त्यात पाय सोडून बसलो. शेजारी एक वृद्ध बाई नातवाला खांद्यापर्यंत बुडवून त्याच्या पाठीवर पाणी मारत होती.

तिथेच यांनी सामालासचा शोध कसा लागला ते सांगितले, आणि मला ती गोष्ट शिखराइतकीच आवडली. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोन्हीकडच्या बर्फाच्या गाभ्यांत १२५८-५९ च्या थरात गंधकाम्लाच्या क्षारांचे प्रमाण प्रचंड आढळत होते, म्हणजे त्याआधी नुकताच कुठेतरी विषुववृत्ताजवळ फार मोठा स्फोट झाला होता. पण तो ज्वालामुखी कोणता, ते कित्येक वर्षे कळत नव्हते. २०१३ मध्ये फ्रेंच संशोधक फ्रँक लाविन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विवराकडे बोट दाखवले. राखेत गाडलेल्या जळक्या झाडांचे वय आणि राखेचे रासायनिक घटक हे पुरावे तर होतेच, शिवाय ताडपत्रांवर जुन्या जावानी भाषेत लिहिलेल्या 'बाबाद लोम्बोक' या बखरीत सामालास कोसळल्याचे आणि पामातान ही राजधानी गाडली गेल्याचे वर्णनही होते. ती बखर गावोगाव माहीत होती. शास्त्रज्ञांनी तिच्याकडे पुरावा म्हणून पाहायला मात्र उशीर झाला. पामातान आजही सापडलेले नाही.

दुपारी सरोवर सोडून पलीकडच्या काठावर चढलो. सहाशे मीटरच्या या चढाला काही ठिकाणी लोखंडी कठडे लावले आहेत आणि खडकात हाताने धरून वर जावे लागते. इथे कातळ पक्का असल्यामुळे आम्हा सह्याद्रीकरांना उलट बरे वाटले आणि या एका टप्प्यावर हे माझ्यापुढे होते. संध्याकाळी प्लावांगान सेनारूच्या काठावर तंबू लागले. इथून बारुजारी समोर आणि रिंजानीचे शिखर त्याच्या मागे असे दिसते.

पाचवा दिवस : जंगलातून सेनारू

काठावरून सेनारू गावापर्यंत सुमारे दोन हजार मीटरचा उतार आहे, म्हणजे कळसूबाईच्या समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षाही अधिक. वरचा भाग उघडा आणि मुरमाड आहे, पण तिसऱ्या टप्प्याच्या खाली दाट जंगल सुरू होते आणि सेंबालुनच्या बाजूची धूळ सोसलेल्या माणसाला ती सावली म्हणजे सुख असते. यांचा गुडघा दुपारनंतर बोलू लागला. हमालाने न सांगता एक बांबू तोडून यांच्यासाठी तिसरी काठी केली. उतारावर माझीही चाल मंदावली, त्यामुळे शेवटचे दोन तास आम्ही पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने बरोबर चाललो आणि मुलीच्या लग्नापासून घराच्या गळक्या गच्चीपर्यंत सगळे विषय झाले.

प्रवेशद्वाराशी नोंदवहीत परतल्याची सही करून वर नेलेला प्लास्टिकचा कचरा दाखवावा लागला. जे सेंबालुनच्या बाजूने चढण्याचा विचार करीत असतील, त्यांनी धुळीसाठी बुटांवर बांधायचे गेटर आणि नाकावर बांधायला फडके नक्की न्यावे आणि एका गाईडवर दोघांनी विसंबू नये, एवढेच मी सांगेन. हमालांचे बक्षीस प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र द्यावे, एकत्र देऊ नये.

दुसऱ्या दिवशी गाडी किनाऱ्याकडे उतरत असताना यांनी चालकाला थांबायला लावले. रस्त्याकडेला डोंगर कापलेला होता आणि त्यात माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट जाडीचा, पांढुरका, सच्छिद्र दगडाचा थर होता : १२५७ चा झावा दगड. काही माणसे चाळण्या लावून तो आकारानुसार वेगळा करून पोत्यांत भरत होती. एवढ्या दगडाचे करतात काय, असे विचारल्यावर चालकाने आपल्या पॅंटकडे बोट दाखवले. हा दगड परदेशी कारखान्यांत जातो आणि नव्या जीन्स जुन्या दिसाव्यात म्हणून त्यांच्याबरोबर धुतला जातो, असे त्याने सांगितले. यांनी दोन खडे खिशात टाकले आणि आमची गाडी बंदराच्या दिशेने निघाली.